पॅरेसिस म्हणजे सैल सुटणं

सोलापूर, मंगळवार, दिवेलागणीला

उजवा अंगठा अजून नीट मिटत नाही. सकाळी मागावर चादरीचा तुटलेला धागा जोडताना गाठ हातातच सुटली. असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "पॅरेसिस वाटतोय. उद्या मेंदूचा स्कॅन करून घ्या." शब्द नवा होता. मी लगेच स्पेलिंग विचारलं, मूळ कोणत्या भाषेतलं तेही. ते हसले. "ग्रीक असेल, काका."

घरी येऊन शब्दकोश काढला. अर्थ: अशक्तपणा, पण पूर्ण लुळेपणा नव्हे. मूळ ग्रीकच, सोडून देणं, सैल सुटणं. म्हणजे आधी अंगठा, मग हात, मग?

हिनं विचारलं, "लकवा हाय का वो?"

"लकवा म्हणजे पॅरालिसिस. हा पॅरेसिस. फरक आहे," मी ठणकावलं.

"आसंल की. पर ह्ये बरं हुतंय का न्हाय?"

ते डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. शाळा सुटल्यापासून इंग्रजी एकट्यानं शिकलो, शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय राहिलो नाही, आणि एवढा साधा प्रश्न सुचला नाही? की सुचला होता, पण उत्तराची भीती वाटली? भीतीच. इथं खोटं कशाला लिहू.

आत्ताही अंगठा पेनवर ठरत नाही.

"उद्या मी येते संगं," ती म्हणाली. "शब्दाचं तुमी बघा, बाकीचं मी इच्यारते."

एरवी दवाखान्यात मी तिला बोलू देत नाही. आज म्हणालो, "ये. उत्तर आधी तू ऐक."