पेलिकनच्या झोळीतला मासा

अहो सर,

शी! किळस आली आहे मला, आणि ती ओकायला घरात दुसरं कुणी नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी माझ्या तक्रारी ऐकायला तुम्हीच लागता.

तलावावर पेलिकन आले आहेत. दर हिवाळ्यात तुम्ही मला काठावरच्या झुडपात बसवायचात. साधा खोकला आला तरी डोळे वटारायचात, “खोकू नको वं, उडी जातीन त्या!” सकाळभर बसून कधी एखादा धड फोटो मिळायचा, कधी तोही नाही. मी वैतागायचे आणि तुम्ही खुशाल डबा उघडून कळण्याची भाकरी खायचात!

गेल्या महिन्यात एकटीच गेले. तिथे सुन्या होता, तुमचा लाडका चेला, फोटो स्टुडिओवाला. त्याने जिवंत माशाला दोरा बांधून पाण्यात फेकला. पेलिकनने चोच वासून मासा झोळीत घेतला, आणि मेल्याने दोरा हिसडून तो परत बाहेर ओढला! पुन्हा फेकला, पुन्हा ओढला. बाकीचे फोटो काढत खिदळत होते. मी ओरडले, तर म्हणतो, “काकू, पक्षी काय मरना नही. फोटो त भारी उना ना!”

आकाशात नुसता ठिपका दिसला तरी तुम्ही पक्षी ओळखायचात. हा रोज आपल्याकडे चहाला यायचा, तो कसा ओळखता आला नाही हो तुम्हाला?

आज नंदुरबारला तुमच्या नावाच्या फोटो-पुरस्काराचा कार्यक्रम होता. तो माझ्या हस्ते द्यायचा होता. पडदा सरकला आणि समोर तोच फोटो! वासलेली चोच, आत मासा. दोरा तेवढा पुसून टाकलेला. लोक टाळ्या वाजवतायत, आणि पुरस्कार घ्यायला आलेला सुन्या माईकवर म्हणतो, “हे सगळं सरांनीच शिकवलं.”

माझं डोकंच फिरलं. माईक ओढून घेतला आणि म्हणाले, “सरांचं ऐकलं असतंस, तर हा फोटो तुला मिळालाच नसता!” दोऱ्याची सगळी हकिकत सांगितली. आयोजक हात जोडून म्हणाले, “ताई, पाव्हणे बसलेत, आजच्या दिवस सांभाळून घ्या.” कशाला सांभाळू? ट्रॉफीवरची तुमच्या नावाची पट्टी तिथेच नखांनी खरवडून काढली, पर्समध्ये टाकली आणि एसटीने घरी आले.

आता शब्द देते. उद्यापासून रोज सकाळी मी तलावावर जाऊन बसणार. कुणाच्या हातात दोरा दिसला की माझं तोंड सुटेल, आणि माझं तोंड तुम्हाला चांगलंच माहीत आहे.

तुमचीच,
मंगल