निनावी ओढा

९ जुलै १९१०, अलास्का

पुन्हा धूर! त्या खोऱ्यात आता कुणी राहत नाही असं खालच्या ठाण्यावर सगळे छातीठोकपणे सांगत होते, आणि नेमका तिथेच. माथ्यावर तिपाईवर नकाशाचा फळा मांडून मी उंचीच्या रेषा काढत होतो, पण डोळा सारखा तिकडे. विटकॉम साहेब म्हणाले, धुराचा नकाशा काढायचा नाहीये. दुर्बीण मात्र त्यांनीही तिकडेच वळवली.

१० जुलै

डास. कागदावर चिरडले गेले की नसलेली तळी तयार होतात.

१२ जुलै

पोचलो एकदाचे! एक खोपटं आणि हाउगेन नावाचा म्हातारा. सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा आलेला. बाकीचे केव्हाच गेले, हा राहिला. सोनं मिळतं का विचारलं तर म्हणाला, पीठ-तंबाखूपुरतं. पीठ-तंबाखूही डोंगरापलीकडून आणतो, नदीकडे फिरकत नाही.

ओढ्याला नकाशावर काय नाव देणार, हे त्याने पुन्हापुन्हा विचारलं. मला वाटलं, स्वतःचं हवंय. साहेबांचा नियम कडक — जिवंत माणसाचं नाव नकाशावर नाही.

"माझं कोण मागतंय?" म्हातारा उखडला. "टोबायसचं घाला. भागीदार माझा. गेला तो."

खोपटामागे क्रूस आहे, त्यावर सोनं धुवायची परात ठोकलेली. खाली कुणी नाही. कितीतरी वर्षांपूर्वी नदीवरचा बर्फ फुटला आणि टोबायस होडीसकट वाहून गेला. सापडलाच नाही. आपण निघून गेलो तर त्याचं नाव कोण घेणार, म्हणून हा इथून हलत नाही.

साहेब म्हणाले, लिही. टोबायस ओढा! हाउगेनने अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नाही त्याला.

२ ऑगस्ट

नदीने खूप खाली आलोय. इथल्या ठाण्यावर जाळी विणणारा एक लंगडा म्हातारा फळ्यापासून हलेना. वरचं खोरं काढलंत का? तिथलं खोपटं पुरात गेलं म्हणतात, खरं का? मग टोपी काढून हळूच म्हणाला, "त्या ओढ्याला नाव दिलं नसेल, तर हाउगेनचं द्या. माझा मित्र बुडाला तिथे."

३ ऑगस्ट

उद्या होडी परत वर न्यायची. टोबायस आत्तापासूनच तिच्यात जाऊन बसलाय.

साहेबांचा नियम कडक. नाव खोडायला रबर टोबायसच्याच हातात दिलं. ओढा पुन्हा निनावी.