दोनच बटणं

प्रिय उन्मेष,

तू पाठवलेलं टेम्प्लेट मी वापरते आहे, म्हणजे वापरायचा प्रयत्न करते आहे. गावाकडून नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांत येणाऱ्या नातेवाइकांसाठी आमचा गट जी माहितीपुस्तिका लिहितो आहे, तिला तुझ्यामुळे शिस्त आली. शीर्षकं आपोआप ठळक होतात, अनुक्रमणिका आपली आपण तयार होते. पण आमचे स्वयंसेवक नवखे. पडद्यावर इतकी चिन्हं पाहून ते हात मांडीवर ठेवून बसतात. काही चिन्हं लपवली, तर आमच्यातल्या रुपरावांनी स्पेसबार दाबत दाबत शीर्षक मधोमध नेलं आणि माझ्या संगणकावर ते कडेला जाऊन पडलं. लपवलेली पुन्हा आणली. बरोबर काय, मला खरंच कळत नाही.

जयवंताबाईंचं ऐक. काटोलकडच्या. नवऱ्याच्या आजारपणात महिनोन्महिने इथे राहिल्या, म्हणून 'सोबत काय आणावं' हे पान त्यांच्याकडे. एका बोटाने टाइप करतात, पण मन लावून. त्यांनी लिहिलं, "चादरी दोन आणा, एक पेशंटची, एक आपली." मी ते जरा नीट केलं, आणि त्यांचे शब्द नाहीसे होऊ नयेत म्हणून तुझं बदल दाखवणारं बटण सुरू ठेवलं. त्यांनी पान उघडलं तर वाक्यावर आडवी लाल रेघ. "मॅडम, सारं लाल काहून केलं? चुकलं होतं त पुसून टाकाचं ना!" पुढच्या वेळी बटण बंद करून थेट बदललं. तर पडद्याजवळ डोळे नेऊन शोधत राहिल्या. "माह्यं वाक्य कुठं गेलं? इथंच त ठेवलं होतं." सगळे हसले, त्याही हसल्या. मग जाताना म्हणाल्या, "मी आपली चहा करत जाईन. लिहाचं तुम्हीच पाहा." ते पान अर्धंच आहे. त्या लिहीत नाहीत, आणि मला ते दुसऱ्या कुणाला द्यायचं मन होत नाही.

त्यांना जास्त सोयी हव्यात की कमी? दोष बटणाचा की माझ्या हाताचा? त्यांच्या शेजारी बसले की तो आपोआप माउसकडे जातो. डायरीत एका दिवशी एक लिहिते, दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट.

परवा कपाटात बाबांचा टॅब सापडला. त्यांची वाचा गेल्यावर तू त्यावरचं सगळं काढून फक्त दोन मोठे चौकोन ठेवले होतेस, 'पाणी' आणि 'जवळ बस'. मी वाद घातला होता, की औषध, दुखणं, डॉक्टर, एवढं तरी हवं. तू म्हणालास, "ताई, आधी हे दोन जमू दे." बाबा 'जवळ बस' हेच जास्त दाबायचे. तू बसायचास.

बाबा गेल्यानंतर तू नागपूरला आला नाहीस. टेम्प्लेट पाठवलंस, मग त्याची सुधारित आवृत्ती पाठवलीस, अडलं तर फोन कर म्हणालास. त्यांच्या दवाखान्याकडचे ते रस्ते तुला नको वाटत असतील, हे मी समजू शकते. बरेच महिने मीही नंदनवनच्या घरून निघाले की धंतोली टाळून लांबच्या वाटेने जायचे. म्हणून आजवर बोलावलं नाही. आता बोलावते आहे. एखाद्या शनिवारी ये आणि जयवंताबाईंच्या शेजारी बस, हात मागे ठेवून, तुला जमतं तसं. हे त्यांच्या पानासाठी मागते आहे की माझ्यासाठी, याचाही मला उलगडा होत नाही. पण तो टॅब माझ्यासाठी असता, तर मीही त्या दोनांतलं दुसरंच बटण दाबलं असतं.

तुझीच,
प्रमोदिनीताई