आत्याबाईंच्या हातचा टाका

२४ सप्टें.
दिवसभर शेगावला, लॉजच्या दारापुढे. नेल्या तेवढ्या गोधड्या परत आणल्या. बाया थांबतात, उलटून टाका पाहतात, "आमची मायच शिवते हो," म्हणून पुढे. एकीने गोधडी मांडीवर पसरून लेकराला पाजून घेतलं आणि घडी घालून परत दिली. घडी मात्र नीट घातली होती.
पल्लवीचा पुण्याहून फोन. "आई, दिवाळीपर्यंत गोधड्या खपतात का बघ. नाहीतर घर बंद करून तू आणि आजी इकडे या." लेकीच्या दोन खोल्या, हॉलमध्ये आम्हा सासू-सुनेच्या गाद्या. आत्याबाईंना सांगितलं नाही. या वयात त्यांचा उंबरा सोडवायचा...

२ ऑक्टो. दसरा.
फुकटची जाहिरात म्हणजे व्हॉट्सॲप, इति पल्लवी. आत्याबाईंना दारात खुर्चीवर बसवून फोटो काढला. वर झेंडूचं तोरण, मांडीवर त्यांच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी. मजकूर माझा. बी.ए.चं मराठी कधी कामी यायचं? "या लुगड्यांनी उन्हं सोसली, लेकरं निजवली. आता त्यांची ऊब तुमच्या घरी." प.ने पुण्याच्या ग्रुपांवरही टाकला.

३ ऑक्टो.
सकाळी मोबाइल उघडला तर जोडलेले हात. "भावपूर्ण श्रद्धांजली." एकाचं पाहून दुसऱ्याचं. फोटो पुन्हा पाहिला. प.ने कापून लहान केला आहे. दाराची चौकट गेली, वरचे झेंडू तेवढे राहिले. थेट हार घातलेला फोटो.
आत्याबाईंना वाचून दाखवलं. हसून ठसका लागला. "जित्तेपणी कोनं इचारलं नाई, अन् मेली तं सारं पुनं रडून राह्यलं!"
खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात प.चा फोन, मागणी आली आहे. एक नाही, चार घरांतून. "थांब आई. आपण खोटं कुठे बोललो?"
थांबले.

१० ऑक्टो.
आता लोक आपल्या गेलेल्या आयांच्या साड्या कुरिअरने पाठवतात. पुण्याच्या देशमुखबाईंनी फोनवर सांगितलं, "आईच्या साडीला अजून तिचा वास आहे. धुऊ नका." मी हो म्हटलं. घडी उलगडवेना.
खुलासा मोबाइलमध्ये अर्धा लिहून पडला आहे.

१३ ऑक्टो.
प.ला शिवतानाचा व्हिडिओ हवा. बारीक टाका आत्याबाईंचा. माझा मोठा आणि वाकडा. म्हणून हात त्यांचे घेतले, तोंड नाही. प.ने खाली लिहिलं, "सासूबाईंची कला पुढे नेणारी सून." कौतुक माझं झालं.
आत्याबाईंनी विचारलंच. "हात दाखोते अन् तोंड काऊन नाई वं? तोंड का चोरीचं हाये माह्यं?"
म्हटलं, दिवाळीपर्यंत.
"म्हंजे दिवाळीपावतर मेलेलीच राहू?"
चहा टाकला. प्यायल्या नाहीत.

१५ ऑक्टो.
शेजारची सुमन दारातूनच ओरडली, "काकू, तुमच्या सासूच्या तेरवीचं जेवण राह्यलं न आमचं!" दात काढत गेली. आत्याबाईंनी ऐकलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. सुई उशाला. देशमुखबाईंची साडी घडीतच. माझ्या टाक्याने ती शिवायची हिंमत नाही.

१७ ऑक्टो.
देशमुखबाई परवा शेगावला दर्शनाला निघाल्यात, वाटेत आमच्याकडे. "आजींच्या फोटोला नमस्कार करायचाय. आईची गोधडी कुठवर आली तेही बघेन."
प. म्हणते, फोटो मोठा करून भिंतीला लाव, आजीला तासभर सुमनकडे बसव.
"हे आजीला तू सांग."
फोन ठेवला तिने.

१८ ऑक्टो.
मेहकरला गेले. गेलेच. फ्रेमवाल्याने विचारलं, "कवा गेल्या माय?" म्हटलं, काच साधी लावा.
घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. पुण्याच्या गाद्यांचं, घर बंद करायचं, उद्या कोण येणार ते. फोटोही दाखवला. निरखून पाहिला. मग, "त्या बाईच्या मायची साडी आन इकडं." हुंगली. "धुतली नाई, बरं केलं." सुई ओवली.

१९ ऑक्टो.
आत्याबाई सकाळीच न्हाऊन, धुवट लुगडं नेसून तयार. गोधडीचा एक कोपरा झाला आहे. मग परसातले झेंडू ओवत बसल्या. माळ माझ्या हातात दिली.
"आता दाराले लावायची का फोटोले घालायची, तुहं तू पाय."
"आत्याबाई, तुम्हीच सांगा."
"मले इचारू नको. मी मेलेली हाये."
देशमुखबाईंच्या गाडीने मेहकर सोडलं, असा प.चा फोन. खुर्ची अजून आतच. फोटो कागदात गुंडाळलेला. हातोडी काढली आहे. खिळा दोन्हीला लागतो.