ठकीचं प्रथिन

३ मार्च
पुन्हा वाया गेलं. सकाळी नळी बाहेर काढली तर तळाशी पांढरा चोथा. दोन आठवड्यांची मेहनत मोरीत.

सर म्हणाले, "मीठ थोडं कमी करून बघ." जणू भाजीबद्दलच बोलताहेत.

९ मार्च
ताईकडे गेले होते. तिची ठकी आता मला हाक मारत नाही. मागच्या वेळेपर्यंत मावशीचं "माशी" तरी म्हणायची. मी हाताचे पंख करून तिच्याभोवती घोंघावायचे, आणि ती खदखदून हसायची. आज घोंघावले. बघत राहिली नुसती.

भाऊजी तिला कडेवर घेऊन फेऱ्या मारत होते. पाच वर्षांची पोर. पाय लोंबत होते.

तिच्या शरीरात एक प्रथिन बनत नाही, एवढंच. त्यामुळे पेशींतला कचरा साफ होत नाही, साचत जातो. आधी चालणं गेलं, आता बोलणं चाललंय. आणि नेमकं तेच प्रथिन मी बनवते — काचेच्या चंबूत वाढवलेल्या माणसाच्या पेशींकडून करवून घेते, मग गाळून, धुऊन वेगळं काढते. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. विषय कुणी काढत नाही.

१४ मार्च
जमलं! द्रावण नितळ, पाण्यासारखं. छोट्या कुप्यांत भरून लगेच गोठवलं. एकदा वितळलं की त्यातला दम जातो, म्हणून प्रत्येक कुपीत एका वेळेपुरतंच.

आनंदाच्या भरात ताईला फोन केला. करायला नको होता.

१५ मार्च
ताई प्रयोगशाळेच्या दाराशी. भर दुपारी, घरातल्याच चपला.

"एक कुपी दे."

"ताई, हे औषध नाही गं. संशोधनापुरतं आहे. यात आणखी काय काय राहिलंय, ते मलाही पुरतं ठाऊक नाही. तिला टोचलं तर त्यानेच जाईल ती."

"नाहीतरी जाणारच आहे."

मी दाराच्या चौकटीतून हलले नाही.

"तू तिची मावशी आहेस की कोठारवाली?" एवढं म्हणाली आणि वळली. जिना उतरताना तिने कठड्याला घट्ट धरलं होतं. मी हाक मारली नाही.

२ एप्रिल
ठकीला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरांनी तिच्या त्वचेचा बारीकसा तुकडा आमच्याकडे पाठवला. त्यातून पेशी वाढवायच्या आणि आमचं प्रथिन त्यांच्यावर लागू पडतं का, ते बघायचं. सही भाऊजींनी केली. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

२० एप्रिल
ठकी गेली.

२३ एप्रिल
ताईने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत निघून गेली. भाऊजींनी पाणी दिलं. "थोडे दिवस जाऊ देत," म्हणाले. ठकीच्या छोट्या खुर्चीवर कुणीतरी इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. पाणी पिऊन परत आले.

११ मे
आठवडाभर ठकीच्या पेशींना प्रथिन देत होतो. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ज्यांना दिलं नव्हतं, त्या तशाच — काळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. ज्यांना दिलं, त्या झाडून काढलेल्या खोलीसारख्या लख्ख.

सरांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

थंड खोलीत जाऊन बसले. तिथला पंखा मोठ्याने घरघरतो, रडायला बरं.

बशीतल्या पेशी म्हणजे ठकी नव्हे, हे कळतं मला. मेंदूपर्यंत ते प्रथिन पोचलंही नसतं कदाचित. हे सगळं कळतं. तरीही तिच्या पेशी अजून वाढताहेत, आणि त्यांना दाणापाणी मीच घालते.

१२ मे
रजा टाकली. पडून राहिले.

१९ मे
अजून रजेवरच. कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

२५ मे
संध्याकाळी ताई आली. आपणहून. खुर्चीच्या टोकावर बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत होती.

"तिच्या पेशींवर चाललं का गं ते तुझं?"

"नाही," मी म्हटलं. "काही फरक पडला नाही."

आवाज कसा काय स्थिर राहिला कोण जाणे. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

थोड्या वेळाने उठली, कंगवा शोधून आणला. "काय जटा करून ठेवल्यास. बस इकडे." लहानपणी विंचरायची तसं विंचरलं. एकेक गुंता हलक्या हाताने सोडवत. जाताना माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. मीही.

खोटं बोलले खरं. पण माझी ताई मला परत मिळाली.

२९ मे
आज कामावर गेले. सरांना म्हटलं, तो निकाल माझ्या ताईला एवढ्यात कळवू नका. सर चष्मा पुसत राहिले. "अगं, ती येऊन गेली की. दहा-बारा दिवस झाले त्याला. ठकीच्या पेशी पाहायच्या म्हणाली. लख्ख झालेल्या मीच दाखवल्या."