कानातली स्कुटी

२१ नोव्हेंबर २०२२
पंधरा दिवस मौन. कुजबुजायचंही नाही. म्हणून ही वही, लेक आर्याची बारावीतली, निम्मी कोरी.
नागपूरला घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला. स्वरतंतूंना सूज. गाठ नाही, पण असंच चाललं तर होईल. विचारलं, "एवढं ओरडता कुठं? शाळेत?" माझा नवरा प्रमोदच बोलला, "शाळेत नाई साहेब, स्टेजवर. भीमगीतं गाते. सोळा वर्षं झाली." डॉक्टर म्हणे, गाणाऱ्या बाईने ओरडायचं कशाला?
मागे ऑक्टोपॅड, बाजूला ढोलक, पुढे माणसापेक्षा उंच स्पीकर. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. म्हणून जोर लावते, आणखी जोर लावते. हे सगळं सांगायचं होतं. तोंड बंद.

२४ नोव्हें.
कारध्याची शाळा, तिसरीचा वर्ग. फळ्यावर लिहिलं, 'बाईंचा घसा आजारी आहे.' पोरं आपोआप हळू बोलायला लागली. पाढेसुद्धा हळू! एवढी शांतता या वर्गात मी आजवर ऐकली नव्हती. हेडमास्तर दोनदा डोकावून गेले, वर्ग सुटला की काय म्हणून.

२७ नोव्हें., रविवार
गजूभाऊ क्वार्टरवर आले. ग्रुप त्यांचाच, की-बोर्डही तेच वाजवतात. चहा घेतला, घसा खाकरला (त्यांचा). म्हणे, "ताई, राग नोका मानू. लाखांदूरच्या कार्यक्रमाले मेन गाणे स्नेहल गाईल. तुमी कोरसले राहा."
स्नेहल तेवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मीच आणली तिला ग्रुपमध्ये. गाते चांगली.
पाटीवर लिहिलं, 'ठीक आहे.' ते गेल्यावर पुसलं. पुसताना हात जरा जास्तच जोरात चालला.

७ डिसेंबर
बोलले! पहिला शब्द 'आर्या'. ती भांडी घासत होती, धावतच आली, ओल्या हातांनी मिठी.
तिने मोबाइलवर दाखवलं, मोठे गायक कानात काहीतरी घालून गातात. स्टेजवरचा आवाज बाहेर राहतो, स्वतःचा तेवढा कानात येतो. मी आजवर समजायची, फॅशन आहे.

११ डिसें.
आमचे साउंडवाले इकबालभाई देवमाणूस. मिक्सरमधून वेगळी वायर काढून दिली, कमरेला लावायची डबी दिली, आपल्याकडचे साधे इअरफोन दिले. भंडाऱ्याच्या समाजमंदिरात प्रॅक्टिस.
पहिल्या ओळीला रडूच आलं. हा माझा आवाज? एवढा बारीक, एवढा जवळ! हळू गायले तरी ऐकू येत होतं.
मग वरचा सूर आला, तोंड उघडलं आणि इअरफोन टपकन बाहेर. परत घातला, परत बाहेर. स्नेहल हसली. मग मीही.
गजूभाऊ, "असे नखरे कायले पाह्यजेत? आपले जुने लोकं बिना माइकचे गायचे." त्या जुन्या लोकांच्या मागे ऑक्टोपॅड नव्हता, भाऊ. मनात म्हटलं.

१८ डिसें., रविवार
नागपूर. आर्याने आठवडाभर इंटरनेट चाळलं. तिथे भांडण जुंपलेलं. अर्धे म्हणतात, महागड्याला तोड नाही. अर्धे म्हणतात, चार-पाच हजारांच्या पुढे सगळे मनाचे खेळ.
दुकानदाराने दोन जोड काढले, एक चार हजारांचा, एक चाळीसचा. आर्याने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तेच गाणं, जोड बदलून बदलून, दहा वेळा. महाग कोणता ते ओळखायचं.
दहातले पाच बरोबर. म्हणजे छापा-काटाच.
प्रमोद एवढा खूश की बस! "वाचले छत्तीस हजार! चला, तर्री-पोहे खाऊ."
मी म्हटलं, थांबा, आता मी गाऊन पाहते. दुकानदार घाबरला. "इथे? मॅडम, गिऱ्हाईक आहे." असू दे. वरची ओळ घेतली. चार हजारवाला सैल झाला. चाळीसवालाही सैल झाला! तोंड उघडलं की कानाच्या आतला आकारच बदलतो, फट पडते, बाहेरचा गोंगाट आत. रस्त्यावरची दोन माणसं टाळ्या वाजवून गेली.
दुकानदारानेच मग सांगितलं, कानाच्या मापाचे बनवून मिळतात. किंमत ऐकून प्रमोदने पोह्यांचा विषय काढलाच नाही.

२२ डिसें.
स्कुटीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत, तेच कानाला लावते. तीन वर्षं शाळेला बस बदलून जातेय, आणखी जाईन. प्रमोदला सांगितलं. तो डबा भरत होता, फॅक्टरीची बस यायला पाच मिनिटं होती. डब्याचं झाकण लावलं. मग, "तुझा पगार, तुझा गळा. पण ओढणी बांधून पाच आले होते, हे ध्यानात ठेव."
ध्यानात आहे ना. तेच तर खुपतंय.

२८ डिसें.
कानाचं माप द्यायला गेले, श्रवणयंत्रवाल्याकडे. कानात गुलाबी लगदा भरतो, घट्ट झाला की काढतो. म्हणे, "तोंड बंद ठेवा, हलू नका."
म्हटलं, मी तोंड उघडून गाते, माप बंद तोंडाचं कसं चालेल?
"सगळ्यांचं असंच घेतो, मॅडम."
तुमच्याकडे येणारे ऐकायला येतात, मी गायला आले. घ्या परत.
कुरकुरला. पण घेतलं. दातांमध्ये लाकडी ठोकळा धरून, जबडा ताणून, पाच मिनिटं लाळ गळत बसले. मग त्याने दोन्ही साचे शेजारी ठेवले. उघड्या तोंडाचा एका बाजूने चांगलाच जाड! त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हे असं ताडून मी कधी पाह्यलं नव्हतं."
बसमध्ये एकटीच हसत होते.

३१ जानेवारी
आले. मेंदीच्या रंगाचे. कानात घातले आणि पंखा बंद झाला. म्हणजे चालूच होता.
प्रमोद शेजारच्यांना सांगून राहिला, "लोकं स्कुटीवर बसतात, आमची बाई स्कुटी कानात घालून फिरते."

५ फेब्रु.
प्रॅक्टिस. पडत नाहीत. आऽऽ केलं, मान हलवली, जांभई दिली. जागचे हलत नाहीत!
पण एक आहे. फार एकटं वाटतं. कोण काय बोललं कळत नाही, टाळी ऐकू येत नाही. विहिरीत उतरून गातेय असं. इकबालभाई म्हणाले, "एक माइक पब्लिक की तरफ लगा देता हूँ, बहनजी." लावला. थोडं बरं.

२६ फेब्रु., रविवार
लाखांदूर. रात्र बरीच झालीय, तरी आजच लिहायचं.
दुपारी चारचा कार्यक्रम, नव्या विहाराच्या मैदानात. बाया तर किती! धानाची कामं आटोपलेली, आजूबाजूच्या गावांतून एसटी भरभरून आल्या. गजूभाऊंनी मला एक गाणं दिलं. एक. तेही मधलं.
उभी राहिले. मागे ऑक्टोपॅड धडाडला, तो मला पोटात कळला, कानात नाही. कानात फक्त की-बोर्ड आणि मी. जोर लावलाच नाही. घरात आर्याला झोपवायची तसं गायले. वरची ओळ आली. जी गेली दोन वर्षं ओढून ताणून लावत होते, ती पाण्यावर पान तरंगावं तशी गेली.
पुढची एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली होती. गाणं संपल्यावर उठली, हात वर करून काहीतरी ओरडली. एका कानातलं काढलं. "अवो बाई, आणखी एक म्हण ना वो!"
गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. की-बोर्डवर पुढच्या गाण्याचा सूर दिला. माझ्या गाण्याचा.
सात गायले. सात!
परतीच्या गाडीत गजूभाऊ म्हणाले, "आवाज परत आला, ताई." कशामुळे ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. कारध्याच्या पुलावर खिडकी उघडून गाणंच म्हटलं, सगळ्यांसकट.

२७ फेब्रु.
सकाळी हजेरी घेतली, खणखणीत. एरवी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बसका घसा असायचा. पोरं परत ओरडायला लागली. असू दे.

१८ मार्च
डॉक्टर. कॅमेरा. सूज गेली! पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या, कोऱ्या करकरीत. मी कानाचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, छान, पण मौन पाळलंत, पाणी प्यायलात, जोर सोडलात, त्यानेही झालं असेल. यंत्रामुळे किती, कसं सांगणार?
प्रमोदने माझ्याकडे असं पाहिलं! म्हटलं, काहीही असो, तर्री-पोहे माझ्याकडून.

२ एप्रिल
जयंतीची प्रॅक्टिस. मेन गाणी निम्मी माझी, निम्मी स्नेहलची. गजूभाऊंनीच वाटली. वर, "तो कानवाल्याचा नंबर द्या बरं," असं भिंतीकडे पाहत.
पण आज एक गोष्ट झाली. स्नेहल गात असताना मी कोरसला होते, म्हणून इकबालभाईंनी तिचा आवाज माझ्या कानात सोडला होता. वरच्या सुराआधी एक खरखर. केसाएवढी. स्पीकरवर कुणालाच ऐकू आली नाही. इकबालभाईंना विचारलं, त्यांनाही नाही. मला आली. कारण तीच खरखर दोन वर्षांपूर्वी माझी होती, आणि मी ऐकली नव्हती.
खरं लिहायचं तर क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

९ एप्रिल, रविवार
स्नेहलला घरी बोलावलं. खरखरीचं सांगितलं. आधी हसली. म्हणे, "सकाळी आवाज फुटतच नाही ताई, कोणाले सांगू?" मग माझ्या कानातल्यांच्या डबीकडे पाहत, "खरं सांगा. एवढे पैसे लावू का? पूर्ण वर्षाची कमाई जाईल माझी."
ती मोबाइलच्या दुकानात बसते, मला तिचा पगार माहीत आहे. हो म्हणावं, तर ओढणी बांधून पाच आले होते. नाही म्हणावं, तर लाखांदूर.
म्हटलं, "पहिले गळा दाखवू. बाकीचं मग."
"पण जयंतीले पाचच दिवस आहेत, ताई. डॉक्टरनं गाऊ नको म्हटलं तं?"
तिच्या जागी मी असते तर आधी गायले असते, मग गेले असते. मीही तेच केलं होतं, सोळा वर्षं. हे तिला सांगितलं नाही.
उद्या सकाळी सातच्या एसटीने नागपूर. येते म्हणाली. येईल का, माहीत नाही.