आधी कोमलच्या घरी

देवास (म. प्र.)

चि. शंतनूस अनेक आशीर्वाद.

शेजारची कोमल आली होती. तुझ्या गेम स्टुडिओतून तू तिच्यासकट सगळ्यांना काढलंस, हे आम्हाला तिच्याकडून कळलं.

"काका, व्हिडिओ कॉलवर सांगितलं. शंतनूभियांनी कॅमेरा बंद ठेवला होता."

तुम्ही काढलेला गेम इतका बदनाम झालाय, की मुलाखतीत स्टुडिओचं नाव सांगितलं की समोरचे हसतात, म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

तुझ्या माईने विचारलं, "आवाज कसा होता गं त्याचा?"

"रडत होते, माई. त्यांना एकटं सोडू नका."

मी रागाने लिहायला बसलो होतो. आता हे पाठवत नाही. उद्याच्या बसने मीच पुण्याला येतो. तुला घेऊन परतलो, की आधी कोमलच्या घरी जायचं, मग आपल्या.

तुझा,
बाबा